कर्ली खाडीत मुलांसोबत कयाक : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. डिसेंबरात तारकर्लीला चाललोय. सोबत सहा आणि दहा वर्षांची मुलं, शिवाय सासूबाई. कर्ली नदीत तासभर निवांत वल्हवायचं आहे. देवबागच्या संगमाकडे जायचं नाही, ओहोटीला पाणी तिथून समुद्राकडे ओढतं. त्यापेक्षा भरती चढताना आतल्या अंगाला, कांदळवनाच्या कडेकडेने जायचं आणि पाणी उतरू लागलं की त्याच्याच जोरावर परतायचं, असा विचार आहे. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, म्हणून सकाळच बरी ना?

मुख्य अडचण लाइफ जॅकेटची. लहान मुलांच्या मापाची, मांडीपट्ट्याची जॅकेटं तिथे मिळतात का, की इथूनच न्यावीत? मोठ्यांचं जॅकेट आवळून घालणं मला पटत नाही. सासूबाईंसाठी सोबत होडी घेतलेली बरी का? (त्या मात्र वल्हं मागणार, हे नक्की!)