मदत हवी आहे : ‘पाणी संपले’ याला इंग्रजीत नेमके काय लिहावे?

नेरूळ_सचिव
आमच्या सोसायटीच्या वतीने एक पत्र इंग्रजीत लिहायचे आहे आणि ते सोमवारी सकाळी पाठवायचे आहे. ‘पाणी संपले आहे’ एवढ्या एकाच वाक्यावर सगळे अडले आहे. मी प्रथम ‘वॉटर इज एक्झॉस्टेड’ असे लिहिले, तेव्हा समितीतील एका सदस्यांनी ‘पाणी दमले आहे का?’ असे विचारून सर्वांसमोर माझी फिरकी घेतली. मग ‘कन्झ्यूम्ड’ लिहिले, तर खजिनदार म्हणाले की पाणी आपणच वापरून टाकले असा त्याचा अर्थ होतो आणि समोरच्याच्या हाती आयते कोलीत मिळते. आता कोणीतरी ‘डिप्लीटेड’ सुचवले आहे. ते बरोबर आहे की नाही, एवढेच सांगावे. शब्दकोश पाहण्याचा सल्ला कृपया देऊ नये. तो पाहिला आहे आणि माझ्या कोशात तिन्ही शब्दांपुढे ‘संपवणे’ असेच छापले आहे.

खाडीकिनारी
सचिवसाहेब, कोणते पाणी? मोरबे धरणातून महापालिकेमार्फत येणारे, टँकरचे, गच्चीवरच्या टाकीतले की बोअरवेलचे? शिवाय पत्र कोणाला लिहायचे आहे आणि ते मराठीत का चालत नाही, हेही आपण लिहिलेले नाही.

जुना_मुद्रितशोधक
आपल्या त्या विनोदी सदस्यांना सांगावे की ‘एक्झॉस्ट’ हा शब्द मुळात पाण्याचाच आहे. लॅटिनमध्ये ‘हाउरिरे’ म्हणजे पाणी शेंदणे, उपसणे, आणि ‘एक्स’ जोडल्यावर तळापर्यंत उपसून काढणे. माणूस ‘एक्झॉस्ट’ होतो तो नंतरचा, उपसलेल्या विहिरीसारखा रिकामा झालेला. ‘डिप्लीट’मधील ‘प्लेरे’ म्हणजे भरणे आणि आपला ‘पूर्ण’ हा शब्द त्याच कुळातला आहे. त्याच्या आधी ‘डी’ आला की भरलेले ओसरू लागते. ‘कन्झ्यूम’मध्ये घेणाऱ्याकडे बोट असते. क्षयरोगालाही इंग्रजीत पूर्वी ‘कन्झम्पशन’ म्हणत, कारण रोग माणसाला आतून खात जातो. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू दाखवून दिला, त्यानंतरही हे नाव बरीच वर्षे टिकून होते. तेव्हा ‘एक्झॉस्टेड’ हाच शब्द निःशंकपणे ठेवावा.

वाशी_ताळेबंद
या शब्दांत हिशेबशास्त्रात मुळीच गोंधळ नाही. यंत्रे आणि इमारतींचा घसारा म्हणजे ‘डेप्रिसिएशन’, पेटंटसारख्या अमूर्त मालमत्तेची किंमत वर्षावर्षाने कमी करत जाणे म्हणजे ‘अमॉर्टायझेशन’, आणि खाण किंवा तेलविहीर यांतला माल जसजसा बाहेर निघतो तसतशी तिची किंमत उतरवणे म्हणजे ‘डिप्लीशन’. पाणी जमिनीतून निघत असेल तर ‘डिप्लीशन’ हेच योग्य. आपल्या ताळेबंदात बोअरवेल कोणत्या शीर्षाखाली दाखवली आहे?

नेरूळ_सचिव
ताळेबंदाचा प्रश्न मी विचारलेला नाही. (आणि मी साहेब नाही, बाई आहे.) पत्र विकासकाला द्यायचे आहे; त्यांचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असल्यामुळे मराठी चालणार नाही. पाणी बोअरवेलचे आणि तळटाकीचे, दोन्ही. यात न समजण्यासारखे काय आहे?

साधे_लिहा_ठाणे
ताई, ही दोन वेगळी पाणी आहेत म्हणून एक शब्द पुरत नाही. टाकी रोज भरते आणि रोज रिकामी होते, तेव्हा तिच्यासाठी ‘रन्स ड्राय’ किंवा ‘वुई रन आउट ऑफ वॉटर’ पुरे आहे. त्यासाठी रोमपर्यंत जाण्याची गरज नाही. ‘वॉटर इज ओव्हर’ मात्र लिहू नये. आपण सगळेच ‘दूध ओव्हर झाले’ म्हणतो, पण ‘ओव्हर’ सभा होते, सामना होतो. दूध ‘रन आउट’ होते. एक सोपी खूण सांगतो. मराठीत ‘खाल्ले’ आणि ‘खाऊन टाकले’ यांत जो फरक आहे, तोच इंग्रजीत ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत आहे. ‘यूज’ म्हणजे वापरणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे. ते ‘अप’ म्हणजे आपले ‘टाकणे’.

जुना_मुद्रितशोधक
पत्र विकासकाला जात आहे, शेजाऱ्याला नव्हे. ‘रन आउट’ हे बोलण्यातले इंग्रजी आहे. आम्ही तीस वर्षे रजेच्या अर्जावर ‘लीव्ह एक्झॉस्टेड’ असेच वाचत आलो आणि एकाही साहेबाने ‘रजा दमली का?’ असे विचारले नाही.

साधे_लिहा_ठाणे
रजा एक्झॉस्ट झाली म्हणजे खाती एकही दिवस उरला नाही. बोअरवेलमध्ये एक थेंबही उरला नाही, असे ताईंनी कुठे म्हटले आहे?

भूजल_निवृत्त
हाच प्रश्न आधी विचारायला हवा होता. पंप रात्रभर बंद ठेवल्यावर सकाळी पाणी येते का? येत असेल तर किती वेळ येते?

नेरूळ_सचिव
येते. वॉचमन सकाळी सहा वाजता पंप सुरू करतो. मी स्वतः घड्याळ लावून उभी राहिले होते. अकरा मिनिटे पाणी आले, मग नळी खाकरल्यासारखी करू लागली आणि नुसती हवा आली. हे मार्चपासून चालले आहे. हस्तांतराच्या वेळी हाच पंप दोन तास चालत होता.

भूजल_निवृत्त
मग ‘एक्झॉस्टेड’ खोटे ठरते, कारण रात्रीत पाणी पुन्हा भरते. ‘डिप्लीटेड’ही लिहू नये, आणि त्याचे कारण व्याकरणातले नाही. तो शब्द जमिनीतला साठा घटला असे सांगतो; बोअरमध्ये पाणी येण्याच्या भेगा गाळाने बुजल्या असतील किंवा पंप फार वर बसवला असेल, तरीही नेमकी अशीच अकरा मिनिटे पाणी येऊन हवा येऊ शकते. आपण स्वतःच ‘डिप्लीटेड’ लिहिले की विकासक म्हणेल, भूजल घटले, त्यात आमचा काय दोष? खजिनदारांची ‘कन्झ्यूम्ड’बद्दलची शंका त्याच कारणाने रास्त होती. कोणी ‘ओव्हर-एक्स्प्लॉयटेड’ सुचवील, तेही घेऊ नये. वार्षिक उपसा उपलब्ध भूजलाच्या १०० टक्क्यांपुढे गेला की संपूर्ण मूल्यांकन क्षेत्राला तो शिक्का बसतो, एका बोअरला नव्हे. जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहावे : दोन तासांची अकरा मिनिटे झाली. पाण्याची पातळी मोजून घेतली आहे का?

वाशी_ताळेबंद
पातळी मोजण्याचा खर्च दुरुस्ती निधीतून करता येईल का, हे उपविधींत पाहावे लागेल.

खाडीकिनारी
ते पाणी खारट लागते का, हेही पाहावे. आमच्याकडे कोपरीला तसेच झाले होते.

नेरूळ_सचिव
पातळी मोजलेली नाही. उद्या माणूस बोलावते. पाणी खारट नाही. पत्रात आता असे लिहिले आहे : ‘अ‍ॅट हँडओव्हर द बोअरवेल पंप रॅन फॉर टू अवर्स. सिन्स मार्च इट रन्स फॉर इलेव्हन मिनिट्स अँड देन ड्रॉज ओन्ली एअर. द अंडरग्राउंड टँक रन्स ड्राय बाय एट एव्हरी मॉर्निंग.’ सदस्यांना दाखवले, कोणी हसले नाही. खजिनदारांना आता ‘ओन्ली एअर’ खटकत आहे.

जुना_मुद्रितशोधक
‘रन’ तीनदा आले आहे. शेवटच्या ठिकाणी ‘इज एक्झॉस्टेड’ घालावे, अजून वेळ गेलेली नाही.

नेरूळ_सचिव
राहू द्यावे. टँकर आला आहे, झाकण उघडायला खाली जाते.