टोकन परत आलं, कारण "टाकी एकच आहे". हा गुन्हा होतो का?

कमाटीबाग_२३

बडोद्यात भाड्याचं घर शोधतेय, चार महिने झाले. ब्रोकरचा पहिला प्रश्न ठरलेला, "तमारी अटक?" गुजरातीत आडनाव विचारतात आणि मराठी कानाला पोलीस दारात आल्यासारखं वाटतं, हा आमच्या घरातला जुना विनोद. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर'. त्यामुळे तिथवर सगळं बिनबोभाट पार पडतं.

मांजलपूरला एक घर आवडलं. मालक मराठी, खाली ते आणि त्यांची आई, वरचा मजला भाड्याला. आजींनी स्वतः पोहे केले. दांडिया बाजारातल्या जुन्या गोष्टी निघाल्या, माझे आजोबा जळगावकडून प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आले तेही सांगून झालं. पाच हजार टोकन दिलं. निघताना आजींनी विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं गं?" मी म्हटलं, आम्ही बौद्ध आहोत. आजी उठून आत गेल्या. वाईट एक शब्द बोलल्या नाहीत, हे मुद्दाम लिहितेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाच हजार खात्यात परत. फोन केला तर मालक म्हणाले, "ताई, माझं काही नाही हो. पण आई सोवळ्याचं करते आणि वर टाकी एकच आहे." माझ्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. वाक्य जसंच्या तसं आहे.

ते घर मला आता फुकट दिलं तरी नको. पण हा गुन्हा आहे की नुसता उद्धटपणा, एवढं मला कळायला हवंय. ॲट्रॉसिटी लागते का? जातीचा दाखला बाबांचा जळगावचा, त्यावरून माझा. तो गुजरातेत चालतो का?

बाबा म्हणतात, जाऊ दे. हेच बाबा दर २३ सप्टेंबरला आम्हाला कमाटीबागेतल्या संकल्पभूमीवर नेतात आणि बाबासाहेब आंबेडकर बडोद्यात नोकरीला आले तेव्हाची, १९१७ ची गोष्ट सांगतात. पारशी उतारगृहाचं भाडं रोज दीड रुपया, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेले लोक, मग नऊच्या गाडीपर्यंत कमाटीबागेत काढलेले तास. बाबासाहेबांनी एका ख्रिस्ती स्नेह्याकडे जागा मागितली, तर बायको उद्या परगावाहून येतेय, तिला विचारून सांगतो, असं उत्तर आलं. लहानपणी मला ही बायको फार आवडायची नाही. आता आजी आठवतात.

घरमालक_निझामपुरा

ताई, वाईट झालं. पण घर खासगी आहे, कोणाला द्यायचं ती मालकाची मर्जी. आम्हीही बॅचलरना देत नाही, नॉनव्हेजवाल्यांना देत नाही. सुप्रीम कोर्टानेच २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीला 'फक्त पारशी सभासद' हा नियम ठेवू दिला. मग एका माणसाच्या घराला कसली सक्ती?

निवृत्त_नाझर

३२ वर्षं कोर्टात काढली, आधी कारकून, मग नाझर. वकील नाही, पण निम्म्या वकिलांना फाइल मीच शोधून दिली आहे.

आधी निझामपुऱ्याच्या साहेबांना. तो पारशी सोसायटीचा खटला सहकारी संस्थेच्या उपविधीचा होता, सभासद कोणाला करायचं एवढ्यापुरता. अस्पृश्यतेचा प्रश्न त्यात नव्हता. आणि 'खासगी आहे' हे उत्तर इथे तोकडं पडतं. घटनेचं कलम १५(१) सरकारला बांधतं, म्हणून सगळ्यांना वाटतं की घरात आपण राजे. कलम १७ तसं नाही. अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि ती कुठल्याही रूपात पाळायला मनाई आहे, एवढंच ते म्हणतं. कोणी पाळायला मनाई, हे लिहिलेलंच नाही. म्हणजे सगळ्यांना. घटना समितीने २९ नोव्हेंबर १९४८ ला हे कलम मंजूर केलं.

त्याच्या अंमलासाठी १९५५ चा कायदा आला. १९७६ मध्ये त्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. हल्ली तो कोणी उघडत नाही, सगळे ॲट्रॉसिटीकडे धावतात. त्याचं कलम ४ वाचा. कुठल्याही वस्तीत निवासी जागा बांधणं, घेणं किंवा तिथे राहणं, यात अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी केली तर गुन्हा. दखलपात्र आहे, पोलिसांना नोंदवावा लागतो. त्याहून मोठं कलम १२: तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर.

बॅचलर नको म्हणणाऱ्याला हे लागत नाही. नॉनव्हेज नको म्हणणारा बहुतेकदा सुटतो, तोच आडोसा असतो. तुमचे मालक मात्र भोळे निघाले. सोवळं आणि टाकी एका वाक्यात बोलले. पाण्यावरून कोणाला दूर ठेवणं याला दुसरं नाव नाही, त्यासाठी १९२७ मध्ये महाडला जावं लागलं होतं.

आता कडू भाग. शिक्षा एक ते सहा महिने आणि दंड १०० ते ५०० रुपये. पाचशेत ब्रोकरच्या स्कूटरची टाकीसुद्धा भरत नाही. वर्षाच्या आत तक्रार करा, नंतर मुदतीचा मुद्दा आडवा येतो.

१९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात अपमानाचं कलम आहे, पण तो 'लोकांच्या नजरेसमोर' झालेला लागतो. फोनवर तुम्ही दोघंच होतात, तिथे अडेल. २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने घराच्या चार भिंतींतलं, बाहेरचं कोणी हजर नसताना झालेलं बोलणं यात धरलं नाही. बहिष्काराचंही कलम आहे, एका मालकाचा नकार त्यात बसवणं मला ओढूनताणून वाटतं.

दाखल्याचं: बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीत धरतात, ती काळजी सोडा. आरक्षणाला मूळ राज्य बघतात हे खरं. पण ॲट्रॉसिटीचं संरक्षण राज्याची हद्द ओलांडली म्हणून संपत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये सांगितलं. गुजरातला ते बांधील नाही, पण दाखवता येतं.

तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. रेकॉर्डिंगला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अनुसूचित जातीच्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. १४५६६ या हेल्पलाइनवरही तक्रार घेतात.

सुरसागर

सयाजीराव महाराजांच्या गावात हे वाचून लाज वाटली. ज्यांनी आंबेडकरांना शिकायला परदेशी पाठवलं त्यांचं हे शहर.

कमाटीबाग_२३

सुरसागर, महाराजांबद्दल आमच्या घरात कायम हात जोडलेले असतात. मार्च १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्ष तेच होते. पण त्याच्या सहाच महिने आधी त्यांच्या राजधानीत त्यांच्याच अधिकाऱ्याला खोली मिळत नव्हती. शिष्यवृत्ती दरबारातून आली. खोली शेजाऱ्यांकडून यायची होती.

निझामपुराकाका, तुमचा राग नाही. मी सुकट खाते का, हे त्यांनी विचारलंच नव्हतं एवढंच सांगते.

नाझरकाका, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. पाचशे रुपयांवर ते हसले. मला वाटलं आता पुन्हा 'जाऊ दे' म्हणणार. काही बोलले नाहीत, चप्पल घालून बाहेर गेले आणि रावपुऱ्यातून पेन ड्राइव्ह घेऊन आले. म्हणाले, दोन ठिकाणी ठेव.

सोमवारी अर्ज द्यायचा म्हणतेय. गुजरातीत लिहू की मराठी चालेल?

निवृत्त_नाझर

गुजरातीत लिहा, ठाण्यात वाचायला सोपं. पेन ड्राइव्ह ही प्रत, फोन मूळ, हे लक्षात असू द्या. आणि टाकीचं वाक्य भाषांतरित करू नका. ते बोलले तसंच, मराठीत, अवतरणचिन्हांत.