मदत हवी आहे: बटण बंद, तरी टेस्टर लागतोय

हॉलच्या छतावरचा जुना दिवा काढून तिथे नवा एलईडी दिवा बसवायचाय. काल स्टुलावर चढून कव्हर काढलं. बटण बंदच होतं, तरी खात्रीसाठी कनेक्टरला टेस्टर लावला, तर तो लागला! हात तिथेच थांबला. खाली उतरून त्या लाइनचा एमसीबी (मेन बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पाडला, तेव्हा कुठे टेस्टर विझला. टेस्टर नीट चालतोय ना, हे दुसऱ्या सॉकेटवर तपासूनही घेतलं.

मला वाटतं बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या वायरीऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या वायरीवर) जोडलंय, म्हणून बटण बंद असतानाही दिव्यापर्यंत फेज पोचतोय. म्हणजे इतकी वर्षं आम्ही नुसतं बटण बंद करून बल्ब बदलत होतो, ते सगळं चालू फेजवरच! हे स्विचबोर्डातच सुधारता येतं का, की मागे जंक्शनपर्यंत जावं लागेल?

दुसरं, नव्या दिव्याची बॉडी धातूची आहे, हिरवी अर्थची वायरही आहे. छतातून मात्र दोनच वायरी येतात, दोन्ही काळ्या, आणि वाकवलं की वरचं आवरण तडकतंय. अर्थ तशीच मोकळी सोडणं मला अजिबात पटत नाही. नवी वायर ओढून घ्यावी, की अर्थ न लागणारा, दुहेरी इन्सुलेशनचा दिवा आणावा?

वायरमनला बोलावणारच आहे. त्याच्याकडून नेमकं काय काय तपासून घेऊ? तोवर एमसीबी पाडूनच ठेवलाय.