केम्प्स कॉर्नरचा केमिस्ट आणि दातेरी पट्टीची बाटली

गिरगावची_सून:
केम्प्स कॉर्नर हे नाव तिथल्या 'केम्प अँड कंपनी' या केमिस्टवरून पडलं, एवढं ठाऊक आहे. पण तेव्हा केमिस्टकडे नेमकं चालायचं काय? सासऱ्यांच्या ट्रंकेत एक जुनी औषधाची बाटली सापडली. तिच्या अंगावर कागदाची दातेरी पट्टी चिकटवलीये. हे काय प्रकरण?

जुना_कंपाउंडर:
सूनबाई, ती डोसाची पट्टी. केम्प म्हणजे साहेबलोकांचं दुकान. मी होतो प्रिन्सेस स्ट्रीटला, आताचा शामलदास गांधी मार्ग. पुढे काउंटर नि कपाटं, पण खरं दुकान मागच्या फळीआड. डॉक्टरची चिठ्ठी आली की मिक्श्चर तिथेच बनायचं. खल, काचेचं माप, छोटा तराजू. मग कागदाची पट्टी घडी घालून कडेने कात्री मारायची आणि खळीने बाटलीला डकवायची. एक दात म्हणजे एक डोस. बाटली गिऱ्हाईकच घरून आणायचं. तेलाचा वास आला की परत पाठवायचो, मग भांडण ठरलेलं.

पोटासाठी गुलाबी कार्मिनेटिव्ह, म्हणजे गॅसवरचं, मिक्श्चर असायचं. त्यात खायचा सोडा, वेलदोड्याचं टिंक्चर वगैरे. तो गुलाबी रंग कोचिनीलचा, म्हणजे वाळवलेल्या किड्यांचा! सोवळ्यातल्या आज्या मिटक्या मारत प्यायच्या. आम्ही कशाला बोलतोय!

लालबागचा_बंड्या:
काका, फ्लायओव्हर झाला आणि तिकडचं सगळं बदललं, असं म्हणतात. तुमचा धंदाही त्यातच गेला का?

जुना_कंपाउंडर:
छे! पूल १९६५चा, आराखडा शिरीष पटेलांचा. त्याचा आमच्याशी काय संबंध? आम्हाला बसवलं कंपन्यांच्या तयार गोळ्यांनी. खल धुऊन कपाटावर ठेवला नि आम्ही स्ट्रिपा कापायला लागलो. पगार तोच, डोक्याला काम नाही.

फार्मसी_तिसरं_वर्ष:
काका, औषध तोलायची ग्रेन-ड्रॅमची जुनी मापं आता परीक्षेपुरतीच उरलीत ना?

जुना_कंपाउंडर:
घरातली पॅरासिटामॉल बघ. ६५०च का, ६०० का नाही? १ ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. १० ग्रेनचे झाले ६५०, आणि ३२५ म्हणजे ५ ग्रेन. ड्रॅम ६० ग्रेनचा, तो मात्र गेला. तुमच्या सरांना विचार, सांगता येतंय का.