'इग्निशन'ला प्रज्वलन म्हणायचं का?

मुक्ता_ठाणे: एक लेख मराठीत करतेय. स्फोटकाच्या ठोकळ्यावर काही आपटलं, तो फुटला नाही पण आतून तडकला, तर चुकून पेटेल का हे कॉम्प्युटरवर आधीच मांडून बघतात, त्याबद्दल. 'ॲक्सिडेंटल इग्निशन'ला 'अपघाती प्रज्वलन' लिहिलं तर संपादकबाईंनी परत पाठवलं.

धोंडू: बरोबरच आहे त्यांचं. प्रज्वलन म्हटलं की समई, मेणबत्ती आणि प्रमुख पाहुणे. 'पेट घेणे' लिहा सरळ.

नि_जोशी: इथे संज्ञा लागते. 'ज्वलनारंभ' करा.

धोंडू: कोण बोलतं हो असं? आणि 'पेट घेतला' म्हणजे काय घेतलं मग, संज्ञाच आहे की ती!

रसायनवाला: आधी भानगड समजून घ्या. पीबीएक्स ९५०१ नावाच्या स्फोटकात ९५ टक्के एचएमएक्स या जबर स्फोटकाचे कण, बाकी त्यांना धरून ठेवणारा बाइंडर. आपटल्यावर अख्खा ठोकळा तापत नाही, तडे घासतात, पोकळ्या दबतात आणि बारीक बारीक जागा प्रचंड तापतात, तिथून सुरू होतं. बाउडन आणि यॉफ या शास्त्रज्ञांनी १९५२ सालीच हे मांडलंय. पण पेटलं म्हणजे उडालंच असं नाही, विझेलही, नुसतं जळतही जाईल, आणि डेटोनेशन, म्हणजे धक्क्याच्या लाटेने होणारा खरा स्फोट, झालंच तर एचएमएक्समध्ये लाट सेकंदाला नऊएक किलोमीटरने पळते. यातलं काय होईल हेच तर मॉडेलला विचारायचं असतं, सगळ्याला 'स्फोट' लिहिलंत तर लेखच गेला.

मुक्ता_ठाणे: त्या जागांना हॉटस्पॉटच ठेवू?

धोंडू: लोक पासवर्ड विचारतील.

नि_जोशी: तप्तबिंदू.

रसायनवाला: बिंदू कसला, मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग तरी असते ती जागा.

विहीरवाला: आमच्याकडे सुरुंगाच्या कामावर हे शब्द होतेच. वात पेटते, बार उडतो, नुसता धूर काढून गेला तर फुसका. पुण्यात सुतारवाडीला एचईएमआरएल ही स्फोटकांची सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथली मराठी माणसं डबा खाताना काय म्हणतात ते विचारा की कुणीतरी.

नि_जोशी: 'बार' मराठी नव्हे, फारसी. तिकडे बार म्हणजे ओझं, त्यावरून बंदुकीत भरलेला माल.

विहीरवाला: मग सुरुंग, दारू सगळंच सोडा, बसा ज्वलनारंभ करत.

धोंडू: दारू आधी बंदुकीची की बाटलीची?

नि_जोशी: औषधाची! 'दवादारू' त्यातलंच.