मदत हवी आहे: क्रिस्टीन द पिझान कुठून सुरू करू?

मंडळी, मध्ययुगाच्या शेवटाकडची फ्रेंच कवयित्री क्रिस्टीन द पिझान हिच्याबद्दल वाचतेय आणि पार गुंतलेय. वडील राजाकडे ज्योतिषी, पंचविशीत नवरा गेला, मुलं आणि आई पदरात, तर बाईने लिहून घर चालवलं, स्वतःच्या हस्तलिखितांवर जातीने लक्ष ठेवून ती हस्तलिखितं राजघराण्यातल्या लोकांना भेट म्हणून द्यायची, त्या काळात म्हणजे कमालच ना! १४२९ला इंग्रजांविरुद्ध फ्रान्ससाठी लढणाऱ्या जोन ऑफ आर्कवर कविताही लिहिली, जोन जिवंत असताना. आता वैधव्यावरच्या बॅलड कवितांपासून सुरू करू की थेट स्त्रियांच्या नगरीवरच्या गद्य ग्रंथापासून? आणि कवितांचा इंग्रजी अनुवाद यमक सांभाळणारा घ्यावा की साधा गद्यातला? कोणी दोन्ही वाचले असतील तर प्लीज सांगा, मला तिचा आवाज नीट ऐकायचाय.