हैती: बियाण्याइतकीच खरेदीची हमीही द्या

'अन्न वाटलं तर पोट आज भरतं, शेती प्रकल्पातून रोजगार निघेल याचा भरवसा काय?' ही शंका रास्त आहे. पण हैतीत बाहेरून आलेल्या स्वस्त अन्नानेच गावातला रोजगार गिळला. १९९५ मध्ये तांदळावरचं आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणलं गेलं, अमेरिकेचा अनुदानित तांदूळ आला आणि आर्तिबोनित खोऱ्यातल्या भातशेतकऱ्याचं कंबरडं मोडलं. तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष असलेले बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये या धोरणाबद्दल जाहीर माफी मागितली होती.

म्हणून मला मध्य पठारावरच्या 'नूरीमान्बा'चं उदाहरण मोलाचं वाटतं. पार्टनर्स इन हेल्थ ही आरोग्य संस्था कुपोषित मुलांसाठी शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घालून ही पेस्ट तिथेच बनवू लागली, आणि दाणे स्थानिक शेतकऱ्यांकडून घेऊ लागली. खरी मेख साठवणीत आहे. शेंगा नीट वाळल्या नाहीत की बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि तो दाणा लेकराच्या तोंडी देता येत नाही. म्हणजे वाळवणं, फोडणं, काळपट-सुरकुतलेले दाणे निवडून काढणं, तपासणं ही सगळी कामं आलीच, आणि ती गावातच होऊ शकतात. नुसत्या पेरणीत एवढ्या हातांना काम मिळत नाही.

देणगीदारांना कळकळीने सांगावंसं वाटतं, बियाणं देताय तर ताडपत्री, कोरडं गोदाम आणि ठरल्या भावाने खरेदीची हमीही द्या. पहिल्याच हंगामात माल पडून राहिला, तर तो शेतकरी पुन्हा पेरायला धजावणार नाही.